खालच्या ओळीतली तिसरी पाळी

एका पत्राला श्यामराव खांबेटे यांनी नऊ महिने उत्तर दिले नव्हते.

पत्र आंतरदेशीयावर होते, निळ्या शाईतले. ‘सर, मी करिष्मा वाघमोडे, दहावी ब. चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. आर नावाची संख्याशास्त्रवाल्यांची एक संगणकभाषा आहे, ती माझी मीच शिकतेय. एक शंका आहे. ही भाषा वाक्याच्या शेवटी पूर्णविराम मागत नाही. मग वाक्य संपलं, हे यंत्राला कसं कळतं? पुस्तकात सापडेल, पण तुम्हाला विचारावंसं वाटलं.’

श्यामरावांनी महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवले होते. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तीनदा त्यांनी उत्तर लिहायला घेतले आणि तिन्ही वेळा कागद फाडला. माहीत नाही, एवढेच लिहायचे तर पत्र कशाला? शेवटी ते आंतरदेशीय लॉगॅरिदमच्या कोष्टकांत घडी होऊन पडले.

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी जयमाला काळभोरच्या कचेरीचे दार ढकलून करिष्मा आत आली, तेव्हा श्यामरावांना फायलींच्या कपाटामागे जावेसे वाटले.

कचेरी संत तुकाराम नगरात, त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर होती. जयमाला खासगी तपासाची कामे घ्यायची. निवृत्तीनंतर श्यामराव तिथे फायली लावायचे आणि तिचे विचार ऐकायचे. ऐकणारा थोडा सावकाश असला की विचार नीट मांडावे लागतात, असे ती म्हणे. श्यामरावांना ही स्तुती की टोमणा, ते कळलेले नव्हते.

“सर, तुम्ही इथे?” करिष्मा म्हणाली. पत्राचा विषय तिने काढला नाही. ते त्यांना जास्तच लागले.

“बस,” जयमाला म्हणाली. “कधीपर्यंत वेळ आहे आपल्याकडे?”

“सोमवारपर्यंत, ताई. सोमवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं येणार. त्यांच्यासमोर मला काढून टाकणार, आणि मग पोलिसांत तक्रार.”

तिने सगळे सांगितले. मावळतारा कॉम्पोनन्ट्समध्ये ब्रेकच्या नळीला बसणारे पितळी जोड बनतात. तपासणीत नाकारलेल्या जोडांची तिन्ही पाळ्यांची बेरीज दर सोमवारी होते. आठवड्याला शंभरच्या वर गेली, तर तो सगळा माल थांबवून पुन्हा तपासायचा, असा नियम. बेरजेचा आणि अहवालाचा प्रोग्राम करिष्माने त्याच आर भाषेत लिहिलेला. सहा महिने तो बिनचूक चालला. मग सहा आठवडे बेरीज शंभरच्या खाली आली. माल गेला, आणि गिऱ्हाईकाला तडे गेलेले जोड सापडले.

“रजिस्टरं काढली,” करिष्मा म्हणाली, “तर सहाही आठवडे तिसरी पाळी बेरजेत नव्हतीच.”

“तिसऱ्या पाळीवर कोण असतं?”

“सुजित. सुपरवायझर आहे. दिवाळीत आमचा साखरपुडा झाला.”

“म्हणजे होणाऱ्या नवऱ्याची खराबी तू झाकलीस, असं म्हणतात.”

“म्हणतात. आणि ताई, दोन महिन्यांपासून मी त्या खुर्चीवर नाहीये. मला बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीला टाकलंय. आता निरंजन साहेब चालवतात प्रोग्राम. पण अहवालाखाली अजून माझंच नाव छापून येतं. बुधवारपासून तर मला त्या संगणकाजवळही जाऊ देत नाहीत.”

“बेरीज तू कशी लिहिली होतीस?”

“एका ओळीत. लांबलचक ओळ होती, पण एकच. पहिली पाळी अधिक दुसरी अधिक तिसरी.”

जयमालाने स्कूटरची किल्ली उचलली. “काका, हेल्मेट घ्या. चाकण.”

*

कारखान्याच्या प्रमुख वासंती मॅडम मोजके बोलणाऱ्या होत्या. “पाचपर्यंत वेळ आहे तुम्हाला. मुलगी हुशार आहे. म्हणूनच मला जास्त राग आलाय.” त्यांनी आठ आठवड्यांचे अहवाल पुढे ठेवले.

श्यामरावांनी सवयीने ते तारखेप्रमाणे लावले. जयमाला त्यांच्याकडे बघत होती.

“काय दिसतं, काका?”

“काही नाही.” ते घुटमळले. “म्हणजे, महत्त्वाचं नसेल. वरचं शीर्षक. पहिल्या दोन अहवालांत ते एका ओळीत आहे. तिसऱ्यापासून ते मध्येच तुटून दोन ओळींत आलंय. आणि दुसरी ओळ जरा आत सरकलीये.”

जयमालाने कागद उजेडात धरले. ‘साप्ताहिक नाकारलेले भाग:’ आणि खालच्या ओळीत, चार अक्षरांची जागा सोडून, ‘तिन्ही पाळ्यांची एकूण बेरीज’.

“बेरीज कधीपासून चुकली?”

“तिसऱ्या अहवालापासून.” श्यामरावांनी रजिस्टर पाहिले. “पहिली पाळी पस्तीस, दुसरी चव्वेचाळीस, तिसरी एक्केचाळीस. एकशेवीस व्हायला हवेत. अहवालात एकोणऐंशी.”

“म्हणजे शीर्षक आणि बेरीज एकाच सोमवारी मोडली.” ती उठली. “चला, माणसांना भेटू.”

निरंजन साहेब गुणवत्ता विभागाचे उपप्रमुख. टेबलावर मुख्य कार्यालयाचे अभिनंदनाचे पत्र होते, नव्या कोऱ्या फ्रेममध्ये. नाकारलेल्या भागांचे प्रमाण घटवल्याबद्दल.

“मी फक्त बटण दाबतो, मॅडम,” ते हसून म्हणाले. “त्या भाषेतलं मला ओ का ठो कळत नाही. अहवाल छापून येतो, मी सही करतो.”

“या संगणकावर अजून कोण बसतं?”

“कोणी नाही. शिस्त म्हणजे शिस्त. दोन महिन्यांत या खुर्चीवर माझ्याशिवाय कुणी टेकलेलंसुद्धा नाही. पासवर्ड माझ्या डोक्यात आहे.”

“प्रोग्राम चालवताना पडद्यावर काही वेगळं दिसलं?”

“छे. काहीच नाही.”

सुजित बाहेर पार्किंगमध्ये उभा होता, पाळी संपून चार तास झाले तरी. डोळे तांबारलेले.

“ताई, एकच सांगतो,” तो म्हणाला. “मला खराबी लपवायची असती तर रजिस्टरमध्ये माझ्या हातानं का लिहिली असती? बघा ना. एक्केचाळीस, अडतीस, बावन्न, सत्तेचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठावन्न. सहाच्या सहा आठवडे लिहिलंय. कुणी विचारलंच नाही मला.”

*

कागदपत्रांच्या खोलीत एक मुलगी शिक्के मारत बसली होती. श्यामरावांना पाहून ती खुर्ची सारून उभी राहिली.

“सर! मी दिव्या. करिष्माच्याच वर्गातली. मागचा बाक.”

श्यामरावांना ती आठवली नाही. त्यांनी मान हलवली आणि मनात स्वतःला बोल लावला.

“करिष्माच्या प्रोग्रामला कुणी हात लावला होता का?” जयमालाने विचारले.

“नाही, मॅडम. मी फक्त ऑडिटसाठी छापला. एक अक्षरही बदललं नाही, शपथ.”

“दाखव.”

दिव्याने फाइल काढली. “ऑडिटवाल्यांनी शेरा मारला होता. ओळी कागदाबाहेर जायच्या, आणि उजवीकडे शिक्क्याला जागाच नसायची. मग मी लांब ओळी तोडून साठ-साठ अक्षरांत बसवल्या. छापलेली प्रत आणि संगणकातली प्रत एकसारखी पाहिजे, असा नियम आहे, म्हणून तीच फाइल पेन ड्राइव्हवर देऊन निरंजन साहेबांकडून संगणकात परत ठेवून घेतली. सहा आठवडे झाले बघा.”

श्यामरावांनी कागद हातात घेतला आणि त्यांना बरे वाटले. सरळ समास, ओळी आखल्यासारख्या. शीर्षकाचा मजकूर अवतरणचिन्हांत होता, दोन ओळींत नेटका बसवलेला. त्याखाली बेरीज. वरच्या ओळीत पहिली पाळी अधिक दुसरी पाळी. खालच्या ओळीच्या अगदी तोंडाशी अधिकचे चिन्ह, आणि मग तिसरी पाळी.

“छान लिहिलंयस,” ते म्हणाले.

“तुम्हीच शिकवलंत, सर. ओळ पुरली नाही तर चिन्ह खालच्या ओळीच्या सुरुवातीला. वरच्या ओळीच्या टोकाला लोंबकळत ठेवलं की तुम्ही अर्धा गुण कापायचात.” ती हसली. “माझे लई गेलेत तसे.”

जयमालाने कागदाकडे पाहिले, मग श्यामरावांकडे.

व्हरांड्यात चिमाजी चहाची किटली घेऊन उभा होता. जवळच्याच गावचा, कारखाना उभा राहिला त्या वर्षीपासून इथला चहावाला.

“घ्या ताई, आलं हाय त्यात. त्या पोरीनं काय बी केलं न्हाई, सांगून ठेवतो.”

“तुम्हाला कसं माहीत, मामा?”

“चहा देतो ना मी. माणूस चहा कसा घेतो त्यावरनं कळतंय.” त्याने आवाज खाली आणला. “आता ते निरंजन साहेब. सोमवारी धाला मी त्यांचा चहा नेतो. आधी पडद्यावर एक आकडा यायचा. एकटाच. ना नाव, ना गाव. चौकटी कंसात एक, आन् त्याच्याम्होरं आकडा. आमी तो बघायचो. जोड, म्हंजी सम आकडा आला तर आठवडा बरा, इषम आला तर भांडणं.”

“आठवतो का कुठला आकडा?”

“आठवायचं कशाला? ल्हिवून ठेवतो की.”

चहाच्या टपरीतली दिनदर्शिका त्याने काढून दिली. चार सोमवारांच्या चौकटींत पेन्सिलीने लिहिले होते: ४१, ३८, ५२, ४७. पुढचे दोन सोमवार कोरे.

“हे दोन का राहिले?”

“आकडा यायचाच बंद झाला. मी इचारलं, तर साहेब खेकसले. म्हनले, चहा ठेव आन् नीघ.”

*

निरंजन साहेबांकडून पासवर्ड घेऊन वासंती मॅडमनी त्यांचा संगणक स्वतः उघडून दिला. जयमालाने दिव्याची छापील प्रत पडद्याला लावून धरली आणि श्यामरावांना ओळीगणिक मोठ्याने वाचायला सांगितले. वाचणे हे त्यांना येत होते.

तिसऱ्या पाळीच्या ओळीवर ते थांबले. “इथे सुरुवातीला एक जाळीसारखं चिन्ह आहे. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. कागदावर ते नाही.”

जयमालाने फाटकाबाहेर थांबलेल्या करिष्माला फोन लावला. “ते चिन्ह लावलं की त्याच्यापुढचं यंत्र वाचत नाही,” करिष्मा म्हणाली. “माणसांसाठी टीप लिहायची असली की वापरतात. पण मी तिथे नव्हतं लावलं, ताई!”

श्यामरावांचा चेहरा उजळला. “म्हणजे झालंच की! तिसरी पाळी कुणीतरी वाचूच दिली नाही.”

“मग दिव्याच्या कागदावर ते चिन्ह का नाही, काका? कागद सहा आठवड्यांपूर्वीचा आहे, आणि बेरीज त्याच आठवड्यापासून चुकतेय. चिन्ह नसतानाही तिसरी पाळी गळतच होती.”

श्यामराव खाली बसले. जे कळले असे वाटले होते, तेही गेले.

जयमाला हलकेच म्हणाली, “करिष्माला आत बोलवा. सगळ्यांनाच बोलवा.”

*

केबिनमध्ये वासंती मॅडम, निरंजन, दिव्या, सुजित. दाराशी चिमाजी, किटली हातात तशीच. करिष्मा संगणकासमोर बसली.

“मी यातली जाणकार नाही,” जयमाला म्हणाली. “म्हणून यंत्रालाच विचारू. करिष्मा, चुकलेल्या पहिल्या आठवड्याची बेरीज कर. दिव्याच्या कागदावर ओळी जशा तुटल्यात, अगदी तशा. पस्तीस अधिक चव्वेचाळीस. पुढची ओळ.”

करिष्माने कळ दाबली. लगेच उत्तर उमटले. एकोणऐंशी.

“हाच आकडा अहवालात आहे,” श्यामराव पुटपुटले.

“आता खालची ओळ. अधिक एक्केचाळीस.”

पडद्यावर चौकटी कंसात एक आला, आणि त्याच्यापुढे एकटाच एक्केचाळीस.

“हाच!” चिमाजी ओरडला. “ह्योच माझा आकडा!”

कुणी हसले नाही. करिष्माचा हात तोंडावर गेला होता.

“या यंत्राला पूर्णविराम लागत नाही,” जयमाला म्हणाली. “ओळ संपली आणि तेवढ्यात अर्थ पुरा झाला, की ते समजतं, सांगणाऱ्याचं सांगून झालं. पस्तीस अधिक चव्वेचाळीस, पुरा अर्थ. ते बेरीज करून मोकळं होतं. खालचं ‘अधिक एक्केचाळीस’ त्याला नवंच वाक्य वाटतं. उणे एक्केचाळीस लिहितो ना आपण? तसंच अधिक एक्केचाळीस. त्याची किंमत विचारली असं समजून ते किंमत दाखवतं आणि पुढे जातं.”

“पण शीर्षक?” वासंती मॅडमनी विचारले. “तेही तुटलं होतं, म्हणालात.”

“शीर्षक अवतरणचिन्हांत होतं. अवतरण उघडलं की मिटेपर्यंत यंत्र स्वतःचं डोकं चालवत नाही. ओळ तुटली तर तूट, जागा सुटली तर जागा, सगळं जसंच्या तसं जपून ठेवतं. म्हणून अहवालात शीर्षकही तुटून छापलं गेलं. काकांनी ते पाहिलं. ओळी तोडल्याची तारीख तिथेच मिळाली.”

मग ती करिष्माकडे वळली. “आता अधिकचं चिन्ह वरच्या ओळीच्या शेवटी ठेव.”

करिष्माने लिहिले, पस्तीस अधिक चव्वेचाळीस अधिक. कळ दाबली. उत्तर आले नाही. नव्या ओळीच्या सुरुवातीला यंत्राने आपणहून एक अधिकचे चिन्ह काढले आणि ते थांबले.

श्यामराव पुढे वाकले. “हे कुणी लिहिलं?”

“त्यानं, सर,” करिष्मा म्हणाली. “अजून सांगा, म्हणतंय. ऐकतोय मी.”

तिने एक्केचाळीस लिहिले. एकशेवीस.

श्यामराव पडद्यावरच्या त्या अधिकाकडे पाहत राहिले. चौतीस वर्षे ते मुलांना सांगत होते की वाचणाऱ्याची नजर खालच्या ओळीवर जाते. या वाचणाऱ्याला खालची ओळ अजून दिसलेलीच नसते, हे त्यांच्या कधी मनातही आले नव्हते. आणि तरी त्याने काही लपवले नव्हते. दर सोमवारी दहा वाजता त्याने हरवलेली तिसरी पाळी सगळ्यांसमोर मांडली होती. ती फक्त चहावाल्याने टिपून ठेवली.

दिव्या रडायला लागली. “माझ्यामुळे झालं. मी तोडली ओळ.”

श्यामराव उभे राहिले. एरवी चार माणसांत बोलायचे ते टाळत.

“नाही,” ते म्हणाले. “तिनं मी शिकवलं तसं केलं. मी तिचे गुण कापले होते. चूक लिहायची असेल तर माझ्या नावावर लिहा.”

“बसा, काका. चुकीसाठी पोलीस येत नाहीत,” जयमाला म्हणाली. “दिव्याला हे माहीत नव्हतं. करिष्माची ओळ अखंड होती, तिच्यावर ही वेळच आली नव्हती. पण चार सोमवारांनंतर चिमाजीमामांचा आकडा बंद झाला. यंत्र दमलं नव्हतं. कुणीतरी त्या ओळीपुढे जाळीचं चिन्ह ठेवलं. कागदावर नसलेलं, संगणकात असलेलं. बेरीज तशीच चुकीची राहिली, फक्त आकडा दिसेनासा झाला. ज्याला तो आकडा कशाचा आहे हे कळलं, तोच तो लपवणार.”

“कुणीही केलं असेल,” निरंजन साहेब म्हणाले.

“दोन महिन्यांत त्या खुर्चीवर तुमच्याशिवाय कुणी टेकलेलं नाही. तुमचंच वाक्य आहे. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणालात, आणि मामांनी आकड्याचं विचारलं तेव्हा खेकसलात.”

निरंजनांची नजर कुठेच ठरेना. “पहिले चार आठवडे मला खरंच माहीत नव्हतं,” ते शेवटी म्हणाले. “मग रजिस्टर उघडं होतं. सत्तेचाळीस. पडद्यावरही सत्तेचाळीस. तोवर ते अभिनंदनाचं पत्र येऊन गेलं होतं. करिष्माच्या टिपांपुढे दिसायचं तेच चिन्ह मी त्या ओळीपुढे लावलं.”

“आणि माझं नाव अहवालाखाली होतं,” करिष्मा म्हणाली. एवढेच.

वासंती मॅडमनी अहवाल एकत्र केले. “करिष्मा, सोमवारी गिऱ्हाईकासमोर हे तू दाखवायचंस. याच खुर्चीवर बसून. दिव्या, डोळे पूस, तुझा कागद लागणार आहे. निरंजन, तुम्ही थांबा.”

“चहा गार झाला की,” चिमाजी म्हणाला. “दुसरा टाकतो. आज जोड आकडा हाय. एकशेवीस.”

*

मंगळवारी करिष्माचा फोन आला. सगळे व्यवस्थित झाले होते. सहाही आठवड्यांचा माल परत मागवला होता, आणि बेरीज तिने कंसात घातली होती. कंस मिटेपर्यंत यंत्र थांबते, आता ओळ कुठेही तुटो. दिव्यानेच ते तपासून शिक्का मारला.

श्यामरावांनी लॉगॅरिदमच्या कोष्टकांतून आंतरदेशीय काढले आणि नवे आंतरदेशीय समोर ठेवले.

‘चि. करिष्मा हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी ते दिलं नाही. येत नाही, एवढं तरी कळवायला हवं होतं. तुझा प्रश्न मी घडी घालून ठेवला नसता, तर कदाचित आपण दोघांनी मिळून उत्तर शोधलं असतं.

तू विचारलंस, वाक्य संपलं हे यंत्राला कसं कळतं. ते तुला माझ्याआधी कळलं, तरी लिहितो. त्याला शेवट कळत नाही. जिथे थांबता येतं तिथे ते थांबतं. आपण काही अपुरं ठेवलं, तरच ते वाट बघतं. इतक्या विश्वासानं ऐकणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. दिव्याला सांग, तिचे कापलेले सगळे अर्धे गुण मी परत दिले आहेत. मला ही भाषा शिकायची आहे. या वयात जमेल का, ठाऊक नाही. रविवारी येशील का?’

त्यांनी पुन्हा वाचले. दोन शब्द खोडावेसे वाटले, खोडले नाहीत. शेवटच्या ओळीच्या टोकाला, समासाला लागून, त्यांनी एक अधिकचे चिन्ह काढले आणि ते तसेच लोंबकळत ठेवले.

पत्राच्या कडा चिकटवून ते खाली उतरले. पेटीपाशी क्षणभर हात थांबला. मग त्यांनी पत्र आत सोडले.